हॉट प्रेसमधला माणूस

शारदाकाकूंविषयी लिहायचं म्हणजे आधी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायला हवी, म्हणून मी दोन वर्षं टाळलं. आमच्या डब्लिनजवळच्या लिक्सलिपच्या मराठी बायकांत त्यांची गोष्ट एका वाक्यात संपते: त्या चंद्रपूरच्या बाईनं एका गोऱ्या म्हातारीच्या घरातली कवटी बागेत नेऊन जाळली. मग कोणीतरी शहारा आल्याचं नाटक करतं आणि कोणीतरी ढोकळा पुढे सरकवतं. ही गोष्ट अर्धी आहे. उरलेली अर्धी माझ्यापाशी आहे आणि ती ढोकळ्याबरोबर सांगण्यासारखी नाही.

काकू म्हणजे मकरंदची आई. मकरंद माझ्या नवऱ्याच्या टीममध्ये, इथल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात. वडील वारल्यावर त्यानं आईला इकडे आणलं ते २००३ साली. उंच, हडकुळी बाई. सुती साडीवर मकरंदचा जुना स्वेटर, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. नवरा वनखात्यात कारकून, त्यामुळे निम्मं आयुष्य अहेरीच्या जंगलात गेलेलं. मे महिन्यात सत्तेचाळीस डिग्री सोसलेल्या माणसाला आयर्लंडच्या जूनमध्येही हुडहुडी भरणारच. "मले तर इथं हाडाच्या आतून थंडी वाजते," असं त्या म्हणायच्या आणि दिवसभर हॉट प्रेसला चिकटून उभ्या राहायच्या.

इथे कपाटाला प्रेस म्हणतात. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट. चादरी, टॉवेल त्यात ठेवले की उबदार राहतात. प्रत्येक घरात ते असतं, आणि काकूंच्या मते अख्ख्या देशात राहण्यालायक जागा तेवढीच.

त्यांना मिस एथ्नाकडे मीच लावलं. मिस एथ्ना शहाऐंशी वर्षांच्या, एकट्या. सेलब्रिजच्या रस्त्यावर झाडीत त्यांचं जुनं दगडी घर होतं. मी त्यांना लायब्ररीत नेत-आणत असे. डोळे गेल्यात जमा होते, त्यामुळे त्यांची पत्रंही मीच वाचून दाखवायचे. आठवड्यातून तीन दिवस सोबतीला बाई हवी होती. मकरंद नको म्हणाला, कारण आईच्या पासपोर्टवरच्या शिक्क्यानुसार तिला काम करता येत नव्हतं. मी त्याला उडवून लावलं. म्हटलं, काम कसलं डोंबलाचं, दोन म्हाताऱ्या एकमेकींना सोबत करतील. पुण्याची असल्यामुळे मला सगळ्यांचं भलं कशात आहे ते जन्मतःच कळतं.

दुसऱ्याच आठवड्यात काकू मला म्हणाल्या, "सुचित्रा, तिथं वरच्या माळ्यावरच्या हॉट प्रेसपाशी कोणी उभं राहते व."

"म्हणजे?"

"मी हात शेकत होती. तं माह्या बाजूनं कोणी हात शेकून राहिलं असं वाटलं. भेव नाही वाटलं. मी जरा सरकली, जागा करून दिली."

मी हसले. पण त्या हसल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात म्हणाल्या, त्या कपाटातल्या पांढऱ्या चादरींवर लाल धूळ पडते. धुवून, वाळवून, घडी घालून ठेवल्या की दोन दिवसांनी पुन्हा वरच्या घडीवर लाल, मऊ, बोटाला लागेल अशी माती. शिरीष, माझा नवरा, म्हणाला, टाकीचा गंज असेल. मीही काकूंना तेच सांगितलं. त्यांनी मला चादर आणून दाखवली. मी बोट फिरवलं. गंज बोटाला खरखरीत लागतो, हे पिठासारखं होतं. मी चादर झटकली आणि विषय बदलला.

मग एका गुरुवारी त्यांचा फोन आला की जरा येऊन जा, म्हातारी काय बोलते ते कळत नाही. गेले. हॉट प्रेसच्या सगळ्यात वरच्या फळीवर, घोंगड्यांच्या मागे, त्यांना पत्र्याचा एक डबा सापडला होता, पूर्वी साहेबलोक हॅट ठेवायचे तसला. काकूंनी तो दोन्ही हातांत धरला होता. "गरम हाये," त्या म्हणाल्या, "आंग तापल्यासारखा."

मिस एथ्ना खाली खुर्चीत होत्या. मी डब्याचं विचारल्यावर जराही दचकल्या नाहीत. "तो होय? तो आमचा वरचा माणूस," त्या म्हणाल्या. "माझे आजोबा ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये पोलीस अधिकारी होते. त्यांनी आणला. आमची दाई सांगायची, तो उष्ण देशातला आहे, त्याला थंडी वाजते. म्हणून तो तिथे असतो. लहानपणी झोपायला जाताना आम्ही त्याला गुड नाइट म्हणायचो." एवढं बोलून त्यांनी चहा मागितला.

झाकण मी उघडलं. पिवळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली कवटी होती. कपाळावर शाईनं आकडे लिहिलेले, एकाखाली एक, वळणदार अक्षरात. त्या काळात साहेबलोक डोकी मोजत. कोण किती माणूस आहे हे ठरवायची ती त्यांची पट्टी होती, आणि ऑस्ट्रेलियातल्या मूळच्या लोकांना त्या पट्टीवर सगळ्यात खाली टाकलेलं होतं. मी हे काकूंना सांगितलं. त्या बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिल्या. मग पदरानं ते पुसू लागल्या. शाई निघाली नाही.

"अहेरीले आमच्या साहेबानं माडिया गोंडाचे दगड उपटले होते," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या नावानं उभे करतात ना ते, ते. सडकेत टाकले. माह्या घरच्यानं कागद लिहिला त्याचा. रात्री जेवताना मले सांगितलं, अन् मी भात वाढला. काही बोलली नाही."

त्या दिवसापासून काकू त्या माणसाचं करू लागल्या. सकाळी गेल्यावर हॉट प्रेसमध्ये एक कप चहा ठेवत आणि 'दादा' म्हणत. दुपारी कपात निम्माच चहा उरलेला असे. मी म्हटलं, उबेनं आटत असेल. त्या म्हणाल्या, असंल. माझ्याशी वाद घालायच्या नाहीत कधी. मी शिकलेली, मला कळतं, असा त्यांचा पक्का समज होता.

आता माझ्यावर येते. जुलैत, २००४ साली, ऑस्ट्रेलियाहून पत्र आलं. काकूंचा यायचा तो दिवस नव्हता, घरात मी आणि मिस एथ्नाच होतो. मी मोठ्यानं वाचायला लागले. डोरीन नावाच्या बाईंनी लिहिलं होतं. त्यांच्या पणजीच्या भावाला पोलिसांनी ओढ्याकाठी गोळी घातली. बायका लव्हाळ्यात लपून बघत होत्या. अधिकाऱ्यानं त्याचं डोकं कापून नेलं. धड बायकांनी तिथेच पुरलं, आणि ते धड अजून त्याच्या डोक्याची वाट बघतं आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. त्या अधिकाऱ्याच्या डायरीत या घराचा पत्ता सापडला. आमचा माणूस तुमच्याकडे असेल तर कृपा करून कळवा. आम्ही येऊन त्याला घरी नेऊ. पत्रात शिवी नव्हती, आरोपसुद्धा नव्हता. त्या बाई स्वतः चार वर्षांच्या असताना सरकारी माणसांनी त्यांना आईकडून उचलून मिशनच्या वसतिगृहात टाकलं होतं, आणि आपले लोक त्यांना पन्नाशीत सापडले, हेही एका ओळीत होतं.

मी ते वाचत असताना वरच्या मजल्यावर एक दार उघडलं. वारा नव्हता. कुरकुरत, सावकाश उघडलं, आणि मग काहीच आवाज नाही. मी वाचायची थांबले.

"थांबू नका," मिस एथ्ना म्हणाल्या. "तो ऐकतोय."

मी पत्र संपवलं. मिस एथ्ना म्हणाल्या, "माझे आजोबा दयाळू गृहस्थ होते. या घरात असलं काही नाही. ते खणात ठेवून द्या."

आणि मी ते खणात ठेवलं. उत्तर लिहायला मला कोणी बंदी केली नव्हती. पण त्याच वर्षीच्या जूनमध्ये इथे मतदान झालं होतं, परदेशी आईबापांच्या पोटी इथे जन्मलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व नको म्हणून. देशानं भरघोस 'नको' सांगितलं होतं. बसमध्ये लोक आपल्याकडे बघतात असं वाटायचे ते दिवस. मी विचार केला, पत्रानंतर माणसं येतील, म्युझियमवाले येतील, पोलीस येतील, या घरात कोण कोण काम करतं ते विचारतील. काकूंचा शिक्का. मकरंदचं परमिट. ती नोकरी लावून देणारी मी. शिरीषची इथल्या वास्तव्याची फाइल. एका मेलेल्या माणसाला शंभर वर्षं उशीर झालाच आहे, आणखी झाला तर काय बिघडलं. असा विचार केला मी, खोटं कशाला बोलू. काकूंना पत्राविषयी एक अक्षर सांगितलं नाही.

ऑक्टोबरात मिस एथ्ना पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना काकूंचा हात धरून त्या वरच्या मजल्याकडे बोट दाखवत राहिल्या. दोन दिवसांनी काकूंचा मला फोन आला. मी पोळ्या लाटत होते.

"सुचित्रा, एक विचारू? त्या माणसाचं मागं कोणी हाये का व? सख्खं, चुलत, कोणी?"

"का हो काकू?"

"परवा सर्वपित्री अमावास्या हाये. ज्याचं कोणी हाये त्याचं त्यानं करावं. ज्याचं कोणीच नाही त्याचं कोणीबी करू शकते. तू शिकलेली हायेस, तुले ठाऊक असंल."

तव्यावर पोळी फुगली होती. मी ती उलटली. म्हटलं, "शंभर वर्षं झाली काकू, कोण असणार आता? कोणी नाही."

मला वाटलं, त्या पान वाढतील. भात, वडा, कावळ्याला घास, एवढंच. हेही मी स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय.

काकूंनी त्याला अग्नी दिला. बागेत माळ्यानं पानं जाळायला केलेली जागा होती. तिथे लाकडं रचली, डब्लिनहून आणवलेला तुपाचा डबा रिकामा केला, कापूर, काळे तीळ, सगळं. बाईनं करू नये म्हणतात, पण पुरुष कुठून आणू, असं त्या म्हणाल्या. नाव ठाऊक नव्हतं म्हणून 'अज्ञात' म्हटलं. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात, म्हणून काश्यप म्हटलं. सकाळी दहाला पेटवलं ते तीन वाजेपर्यंत जळत होतं. दुसऱ्या दिवशी हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

"वारा तिकून इकडं येत होता, सुचित्रा, अन् धूर वाऱ्याच्या उलटा गेला. जमिनीलगत. घराभोवती फिरला, दारापाशी थांबला. मी म्हटलं, जा बाप्पा, मोकळा झाला तू. तं तो दारातच."

मग त्यांनी भाताचा पिंड ठेवला होता. इथे कावळ्यांना तोटा नाही. समोरच्या चेस्टनटच्या झाडावर चाळीस-पन्नास बसले होते, एकही ओरडत नव्हता, एकही खाली उतरला नाही. काकू हात जोडून उभ्या राहिल्या. तुझ्या मुलाबाळांचं बघू म्हणाल्या. तुझी जमीन राखू म्हणाल्या. कोणाशी वैर असलं तर सोड म्हणाल्या. गेलेल्याची इच्छा बोलून दाखवली की कावळा शिवतो, म्हणून सुचेल ते सगळं बोलल्या. अंधार पडायला लागला तरी कावळे तसेच बसून होते. शेवटी त्यांनी गवताचा कावळा करून पिंडाला लावला.

"काय राहिलं असंल व त्याचं?" त्यांनी मला विचारलं.

मला नेमकं ठाऊक होतं काय राहिलं होतं. म्हटलं, "इकडचे कावळे आहेत काकू, त्यांना आपलं कुठे कळतंय." तिसऱ्या दिवशी मकरंदनं त्यांना लिफी नदीच्या जुन्या पुलावर नेलं. पिशवीतली राख त्यांनी पाण्यात सोडली; त्याला वाटलं, निर्माल्य आहे.

डिसेंबरात मिस एथ्ना गेल्या. घर त्यांच्या पुतण्याकडे आलं. आवराआवर करताना त्याला खणातलं पत्र सापडलं. भला माणूस, त्यानं त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाला कळवलं, आणि मग घरभर कवटी शोधली. रिकामा डबा मिळाला. त्यानं मला फोन केला. मी काकूंना एवढंच सांगितलं की त्या माणसाच्या नात्यातली एक बाई त्याला न्यायला येते आहे. काकू खाली बसल्या. "मीच सांगन तिले," त्या म्हणाल्या. "तू फक्त इंग्रजी कर."

एप्रिलमध्ये डोरीनबाई आल्या. साठीच्या, जाड, काळ्या, पांढऱ्या शुभ्र केसांच्या. त्यांचे लोक त्यांना आंटी म्हणतात, असं पुतण्यानं सांगितलं. खांद्याला कापडी पिशवी होती आणि पिशवीतून झाडाच्या सालीची मऊ गुंडाळी डोकावत होती. आपल्या माणसाला त्यांना त्यात गुंडाळून न्यायचं होतं. त्या आधी वर गेल्या आणि हॉट प्रेस उघडून उभ्या राहिल्या. मी जिन्यावरून पाहिलं. त्यांनी वरच्या फळीवर तळहात ठेवला, मग उचलून बघितला. तळहात लाल होता. घर चार महिने बंद होतं, टाकी थंड होती.

खाली स्वयंपाकघरात आम्ही तिघी बसलो. पुतण्या बाहेर गेला. काकूंनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट गाळली नाही. चहा, धूर, कावळे, नदी. मी वाक्यामागून वाक्य इंग्रजीत करत गेले. डोरीनबाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "नदीत?" मी हो म्हटलं. त्यांनी सालीची गुंडाळी मांडीवर घेतली आणि तान्ह्या मुलाला धरावं तशी धरून बसल्या. रडल्या नाहीत.

"तिला विचारा, तिनं त्याला काय नावानं हाक मारली."

काकूंनी सांगितलं. अज्ञात, म्हणजे ज्याची ओळख नाही असा.

डोरीनबाई म्हणाल्या, "त्याला नाव आहे. आम्ही गेलेल्यांचं नाव तोंडानं घेत नाही, म्हणून मी ते तुम्हाला सांगणार नाही. पण तो कुठे जन्मला, कोणत्या पाण्यावर वाढला, त्याला कोणती गाणी येत होती, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. अनोळखी तो फक्त या घरात होता."

मी हे काकूंना सांगितलं. काकूंनी मान खाली घातली. म्हणाल्या, "तिले सांग, मले वाटलं त्याचं कोणीच नाही. ठाऊक असतं तं हात लावला नसता."

मी तेही इंग्रजीत केलं. डोरीनबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट. मग पिशवीतून स्वतःच्या पत्राची प्रत काढून टेबलावर ठेवली. "मी जुलैत लिहिलं होतं. म्हातारीला दिसत नव्हतं असं तिचा पुतण्या म्हणतो. मग ते वाचलं कोणी?"

मिस एथ्ना मेल्या होत्या. कोणीतरी नर्स असेल म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"काय म्हणते ते?" काकूंनी विचारलं.

मी मराठीत म्हणाले, "पत्र कोणी वाचलं, असं विचारताहेत. मी वाचलं होतं काकू. जुलैत. त्याचे लोक आहेत हे मला ठाऊक होतं."

काकूंचा चेहरा पांढरा पडला. रागावतील, ओरडतील, म्हणून मी अंग चोरून बसले होते. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी तुले विचारलं होतं."

"काय म्हणाली ती?" डोरीनबाईंनी विचारलं. आणि तेही मलाच सांगावं लागलं. म्हटलं, "पत्र मी वाचलं होतं. त्याचं कोणी आहे का, असं यांनी मला जाळायच्या आधी विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

मी माफी मागायला तोंड उघडलं, आधी इंग्रजीत मागावी की मराठीत ते सुचेना, आणि तेवढ्यात काकू उठल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू नको आता. मी बोलतो माह्या तोंडानं."

त्या डोरीनबाईंच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. आयर्लंडात दोन वर्षं राहून त्यांना इंग्रजीचे पन्नास-साठ शब्द येत होते, आणि माझ्यासमोर त्यांनी ते कधी वापरले नव्हते, लाज वाटायची म्हणून. त्यांनी ते एक एक करून काढले. मी आग लावली. मी नदीत टाकलं. तुझा दादा. मी काय करू, तू सांग, मी करते.

सालीची गुंडाळी काखेत धरून डोरीनबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आधी आग कुठे होती ते दाखव."

दोघी मागच्या दारानं बागेत गेल्या. खिडकीतून मला दिसत होत्या. काकू जमिनीकडे हात करून काहीतरी सांगत होत्या, डोरीनबाई गुडघे टेकून तिथली माती उकरत होत्या आणि विचारत होत्या. काकू आठवून आठवून शब्द शोधत होत्या, अडत होत्या, पुन्हा सुरू करत होत्या. मग दोघी नदीच्या पुलाकडे चालत निघाल्या. मी स्वयंपाकघरातच बसून राहिले. मला कोणी बोलावलं नाही.